कासिम बेगचा जवळचा रस्ता

बाबर म्हटले की आपल्याकडे चर्चा पानिपतावर सुरू होते आणि अयोध्येत संपते. त्याने तुर्कीत लिहिलेले आत्मचरित्र, ‘बाबरनामा’, फारसे कोणी उघडत नाही. त्यात १५०६-०७ च्या हिवाळ्याची काही पाने आहेत. बर्फातल्या डोंगरवाटेबद्दल इतके प्रामाणिक लिहिलेले मी तरी दुसरीकडे वाचलेले नाही.

डिसेंबर १५०६ मध्ये तेवीस वर्षांचा बाबर हेरातहून काबूलकडे निघाला. कंदहारवरून जाणारा रस्ता लांबचा, पण सुरक्षित. डोंगरातला जवळचा. कासिम बेग या अनुभवी सरदाराने जवळच्या रस्त्याचा हट्ट धरला आणि बाबराने तो मानला. वाटाड्या होता पीर सुलतान पशाई. म्हातारपणामुळे म्हणा, गोंधळल्यामुळे म्हणा की बर्फामुळे, त्याची वाट हरवली. घोड्यांचे पाय जमिनीला टेकेनात. मग ज्याच्या सल्ल्याने हा रस्ता धरला तो कासिम बेग मुलांसह घोड्यावरून उतरला आणि स्वतः बर्फ तुडवू लागला. सल्ला चुकला की सल्लागार सहसा मागच्या रांगेत दिसतो. इथे तसे झाले नाही.

पुढे आठवडाभर दहा-पंधरा माणसे बर्फ तुडवत होती आणि त्यांत बाबरही होता. एकाने कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत रुतत सात-आठ पावले जायचे, दमला की थांबायचे, मग दुसऱ्याने पुढे व्हायचे. त्यामागून रिकामा घोडा ओढायचा. दहा-पंधरा पावलांत तोही थकायचा. दिवसभरात दोन-तीन मैल झाले तरी पुष्कळ. बाकीचे स्वार खाली माना घालून तयार वाटेवरून येत होते. बाबराने त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही.

जिर्रीन खिंडीच्या पायथ्याशी वादळाने गाठले. तिथे एक गुहा होती, पण ती लहान वाटली. बाबराने फावडे घेतले आणि जानमाजाएवढी जागा खणली. छातीइतके खणूनही जमीन लागली नाही. तो त्या खड्ड्यातच बसला. आपली माणसे बर्फात असताना आपण आत ऊबेत झोपणे त्याला पटेना. इशाच्या वेळेपर्यंत डोक्यावर, पाठीवर आणि कानांवर चार बोटे बर्फ साचला. मग कोणीतरी नीट पाहून सांगितले की गुहा आत बरीच मोठी आहे, सगळे मावतील. तेव्हा तो उठला. त्या रात्री थंडीने त्याचे कान धरले. इतरांचे नुकसान मोठे होते. खिंड ओलांडताना कोणाचे पाय गेले, कोणाचे हात. त्यांची नावे त्याने लिहून ठेवली आहेत.

या पानांत हिमस्खलनाची नोंद नाही. मला हे नवल वाटते. हिमकडे कोसळतात ते बहुधा जोरदार बर्फवृष्टी चालू असताना किंवा ती थांबल्यावर लगेच. जुन्या थरात एखादा भुसभुशीत पापुद्रा राहिलेला असतो. वरचा नवा थर त्यावरून घसरतो आणि त्याला एका माणसाचे वजनही पुरते. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वांत घातक. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत काढले तर आशा, त्यानंतर ती झपाट्याने मावळते. आजचे गिर्यारोहकही उतारावर जाण्यापूर्वी बर्फात खड्डा खणतात, पण थर तपासायला. बाबराचा खड्डा निवाऱ्याचा होता. खिंड उतरताना तर त्याने रूढ वाट सोडून घळी आणि उतार जवळ केले. तो लिहितो की बर्फ इतका खोल नसता तर पहिल्याच उतारावर घोडे कोसळले असते. खोल बर्फाने त्यांना तारले खरे, पण एवढ्या ताज्या बर्फाच्या उतारावर आजचा कोणताही वाटाड्या घोडा घालणार नाही.

याच अफगाण मुलखात फेब्रुवारी २०१० मध्ये सालंग खिंडीच्या रस्त्यावर हिमस्खलनांखाली वाहने गाडली गेली आणि दीडशेहून अधिक माणसे मेली. तो तर बांधलेला, रोजच्या वर्दळीचा रस्ता होता.

इशाच्या सुमारास बाबराची माणसे यकाओलांगला पोहोचली. गावकऱ्यांनी त्यांना उबदार घरांत नेले, लठ्ठ मेंढ्या कापल्या, घोड्यांपुढे गवत टाकले, शेकोटीला जळण दिले. तिथल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत एवढ्या बर्फात ती खिंड कोणी ओलांडली नव्हती. त्या दिवसांत ती ओलांडायचे कोणाच्या मनातही आले नव्हते.