सागरी कोपेपॉडांचा आहार आणि वाढ : एका शास्त्रीय प्रश्नाचा इतिहास

प्रस्तावना

समुद्रातील प्राणिप्लवकांमध्ये कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांची संख्या बहुधा सर्वाधिक असते. त्यांची लांबी जेमतेम एक ते काही मिलिमीटर. तरीही सूर्यप्रकाशावर वाढणारे वनस्पतिप्लवक आणि हेरिंगसारखे मासे यांना जोडणारा महत्त्वाचा दुवा म्हणजे हेच प्राणी होत. अंड्यातून बाहेर पडलेला जीव सहा नॉप्लियस अवस्था व पाच कोपेपोडाइट अवस्था ओलांडून प्रौढ होतो. कवच फारसे ताणले जात नसल्याने प्रत्येक टप्प्यावर कात टाकावी लागते. आहार अपुरा किंवा निकस असेल, तर हा क्रम मंदावतो अथवा मध्येच खंडित होतो. अशा प्राण्यास नेमका कोणता आहार मानवतो, या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात अनेकदा बदलले. हे बदल कसे घडले, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. संशोधनाच्या साधनांना जे अन्न सापडले, त्यालाच समुद्रातील अन्न समजले जाण्याचा धोका या इतिहासात वारंवार दिसून येतो.

अन्नाचा शोध

आरंभीचा मार्ग सरळ होता : प्राणी पकडावा आणि त्याच्या आतड्यात काय आहे ते पाहावे. डब्ल्यू. जे. डेकिन यांनी १९०८ मध्ये अशी निरीक्षणे प्रसिद्ध केली. तथापि १९०९ मध्ये जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट प्युटर यांनी वेगळाच सिद्धान्त मांडला. जाळ्यात सापडणारे प्लवक जलचरांची गरज भागविण्यास अपुरे आहे. सबब हे प्राणी पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांवर जगत असले पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. या युक्तिवादातील एक कच्चा दुवा हान्स लोमान यांच्या कार्याने उघड झाला. रेशमी जाळ्यातून निसटून जाणारे अतिसूक्ष्म प्लवक त्यांनी अपकेंद्री यंत्राच्या साहाय्याने वेगळे केले आणि १९११ मध्ये त्याचे महत्त्व दाखवून दिले. अन्न कमी नव्हते. जाळ्याची वीण मोठी होती. पुढे १९३१ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी विरघळलेल्या द्रव्यांविषयीचा पुरावा तपासून प्युटर यांचा सिद्धान्त जवळजवळ निकालात काढला.

दरम्यान इंग्लंडमधील प्लिमथ येथे ई. जे. ॲलन व ई. डब्ल्यू. नेल्सन यांनी १९१० मध्ये सागरी प्लवकांच्या कृत्रिम संवर्धनाची पद्धत प्रसिद्ध केली. सिलिकेचे कवच असणारे डायाटम, म्हणजेच करंडक वनस्पती, यामुळे प्रयोगशाळेत वाढविता येऊ लागले. मेरी लेबर यांनी १९२२ मध्ये केलेल्या आहारपरीक्षणातही कोपेपॉडांच्या आतड्यांत डायाटम ठळकपणे आढळले. येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. डायाटमचे कवच पचनानंतरही ओळखता येते. नाजूक कशाभिकायुक्त जीव व आदिजीव मात्र मागमूस न ठेवता विरून जातात. साहजिकच आतड्यातील पुरावा डायाटमच्या बाजूने झुकलेला होता.

मिलपोर्ट येथील कार्य

या विषयाला पद्धतशीर रूप दिले ते स्कॉटलंडमधील मिलपोर्ट येथील सागरी केंद्रातील शीना मार्शल (१८९६–१९७७) व ॲन्ड्र्यू पिकेन ऑर (१८९८–१९६२) यांनी. मार्शल प्राणिशास्त्रज्ञ, तर ऑर रसायनशास्त्रज्ञ होते. कॅलेनस फिनमार्किकस या एकाच जातीवर त्यांनी दीर्घकाळ संशोधन केले. ए. जी. निकोल्स यांच्यासह केलेल्या लॉक स्ट्रायव्हन येथील अभ्यासात कॅलेनसच्या प्रजननाचा संबंध डायाटमच्या बहराशी असल्याचे त्यांना दिसले. अंडी घालण्याचे प्रमाण मादीला मिळणाऱ्या अन्नावर अवलंबून असते, हे त्यांच्या १९५२ मधील प्रयोगांनी दाखविले. त्यानंतर किरणोत्सारी फॉस्फरसने अंकित केलेली शैवले खाऊ घालून त्यांनी अन्नाचा किती अंश शरीरात शोषला जातो हे मोजले. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा कॅलेनसवरील ग्रंथ पुढील संशोधकांचा आधार ठरला.

प्रमाणाकडून गुणवत्तेकडे

१९७० च्या दशकारंभी प्रश्नाचे स्वरूप संख्यात्मक झाले. पाफेनहोफर यांनी १९७० मध्ये कॅलेनस हेल्गोलँडिकसचे नियंत्रित परिस्थितीत संवर्धन करून अन्नाचे प्रमाण व वाढ यांचा संबंध अभ्यासला. ब्रूस फ्रॉस्ट यांनी १९७२ मध्ये असे दाखविले की, अन्नकणांची घनता वाढते तसे भक्षण वाढते, पण एका मर्यादेनंतर ते स्थिर होते. कण मोठे असतील, तर ही मर्यादा कमी संख्येलाच गाठली जाते. मात्र या मांडणीत मोजला जात होता तो मुख्यतः कणांचा आकार आणि त्यांतील कार्बन. १९८० च्या सुमारास अतिवेगवान चित्रीकरणातून कोपेपॉड हा केवळ पाणी गाळणारा जीव नसून कणांची निवड करणारा आहे, हे स्पष्ट झाले.

यानंतर आहाराच्या रासायनिक घटकांकडे लक्ष वळले. दीर्घ साखळीची असंतृप्त मेदाम्ले वाढीस व अंड्यांच्या गुणवत्तेस महत्त्वाची असतात. प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या ड्युनालिएला या शैवलात ती जवळजवळ नसतात. म्हणजे पोटभर अन्न मिळूनही प्राणी कुपोषित राहू शकतो.

डायाटमचा विरोधाभास

१९९० च्या दशकात रूढ समजुतीला सर्वांत मोठा धक्का बसला. इटलीतील नेपल्स व फ्रान्समधील रॉस्कोफ येथील संशोधकांना असे आढळले की, निव्वळ डायाटमवर पोसलेल्या माद्या भरपूर अंडी घालतात, पण त्यांतील पुष्कळशी उबत नाहीत. १९९९ मध्ये मिराल्तो व सहकाऱ्यांनी याचे कारण दिले. डायाटमची पेशी फुटताच तिच्या मेदाम्लांपासून अल्डिहाइडे तयार होतात आणि ती भ्रूणातील पेशीविभाजन रोखतात. अपाय आईला नव्हे, तर पुढील पिढीला होतो. सागरी अन्नसाखळीचा पायाच जर घातक असेल, तर मत्स्योत्पादनाचे गणितच नव्याने मांडावे लागले असते.

२००२ मध्ये इरिगोयेन व सहकाऱ्यांनी १२ सागरी क्षेत्रांतील माहिती एकत्र केली. तीत डायाटमचे प्रमाण आणि अंडी उबण्याचे यश यांत प्रतिकूल संबंध दिसला नाही. २००४ मध्ये इयानोरा व सहकाऱ्यांनी प्रतिवाद केला की, अंडी उबली तरी नॉप्लियस विकृत निपजू शकतात. केवळ उबवण मोजणे पुरेसे नाही. अपायाची तीव्रता डायाटमच्या जातीनुसार बदलते, हेही या काळात दिसून आले. जी. एस. क्लेपल यांनी १९९३ मध्येच कोपेपॉडांचा नैसर्गिक आहार मिश्र असतो, त्यात आदिजीवांचाही वाटा मोठा असतो, याकडे लक्ष वेधले होते. समुद्रात प्राणी क्वचितच एकाच अन्नावर जगतो. प्रयोगशाळेतील काचपात्रात मात्र बहुधा एकच अन्न असते.

समारोप

या इतिहासाचा भारताशी प्रत्यक्ष संबंध आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत (१९५९–१९६५) गोळा झालेल्या प्राणिप्लवकांच्या वर्गीकरणासाठी कोचीन येथे केंद्र स्थापन झाले. ते पुढे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा भाग बनले. या संस्थेचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. मोहिमेतील प्रमाणित जाळ्याची वीण सुमारे ०.३३ मिलिमीटर होती. लहान जातींचे नॉप्लियस तिच्यातून निसटतात. त्यामुळे प्रौढ प्राण्यांच्या वितरणाचे मोलाचे नकाशे तयार झाले, तरी आहाराचा परिणाम ज्या कोवळ्या अवस्थांवर होतो त्यांची नोंद अपुरी राहिली.

प्युटर यांच्या काळातील रेशमी जाळे, आतड्यातील न पचणारे कवच, संवर्धनास सोपे शैवल आणि केवळ उबवणीचे मोजमाप, या प्रत्येकाने सत्याचा एक भाग दाखविला व दुसरा झाकला. विज्ञानाची प्रगती येथे जुने उत्तर फेकून देण्याने झाली नाही, तर ते उत्तर कोणत्या साधनाने मिळाले होते हे पुन्हा तपासण्याने झाली. महाविद्यालयीन अध्यापनात ‘डायाटम–कोपेपॉड–मासा’ ही साखळी शिकविताना तिच्यामागील हा वादही विद्यार्थ्यांसमोर ठेवला जाणे उचित ठरेल.