मोटारीतला पंप, मळ्यातला पंप

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात ‘मोटार चालू केली का?’ असे कुणी विचारले, तर विचारणारा विहिरीवरच्या पंपाबद्दल बोलत असतो. चारचाकी ती ‘गाडी’. मोटारगाड्यांचा इतिहास जमवताना मला मात्र या भागात गाडी आणि पंप वेगळे काढताच आले नाहीत.

दोहोंच्या मुळाशी पाणी आहे. १८७६-७७च्या दुष्काळात नीरा डाव्या कालव्याचे काम सुरू झाले आणि १८८५ साली कालवा वाहू लागला. पाण्यामागे ऊस आला. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी झालेल्या करारानुसार डॉज, प्लिमथ या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्या काळी प्लिमथ म्हणजे बड्या घरची गाडी.

अशाच एका प्लिमथचा गळका वॉटर पंप बदलताना मी बारामतीत पाहिला. या सहा सिलिंडरच्या इंजिनात पंप पुढे, पंख्याच्या मागे असतो. एकाच दांड्यावर पंखा आणि पाणी ढकलणारी पाती. दांड्याभोवतीचे सील झिजले की पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकते. ते भोक मुद्दाम ठेवलेले असते. बुजवले, तर पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

नवा पंप हाताशी होता. बोल्ट आवळले की काम संपले, असे मला वाटत होते. मिस्त्रींनी मात्र रेडिएटरही उतरवला. पंपामागे ब्लॉकमध्ये पत्र्याची लांब, चपटी नळी असते. तिच्या भोकांतून थंड पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंत जाते. ती गंजली की पंप कितीही चांगला असो, मागचे सिलिंडर तापतात. नळी ओढली तर तिचे तुकडेच हाती आले.

“सर, हेडला पाणी भरपूर असतंय. टेलला पोचतंय का, ते बघायचं,” मिस्त्री म्हणाले.

हे शब्द कुठल्या मोटारीच्या पुस्तकातले नव्हेत, कालव्यावरचे आहेत. नीरा डाव्या कालव्याची टेल इंदापूर तालुक्यात आहे आणि तिथला शेतकरी पाण्याची वाट पाहणे म्हणजे काय, ते जाणतो. मिस्त्रींचा हातही आधी विहिरीवरच्या पंपांवर बसलेला. नळी का गंजली, याचे एक कारणही याच मातीत असावे. कालव्याच्या अतिपाण्याने नीरा खोऱ्यात जमिनी खारावल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरॉल्ड मान यांनी १९१०च्या सुमारास त्यांचा अभ्यास केला होता. अशा भागातले विहिरीचे पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले, तर लोखंड किती टिकणार?

वालचंदांची चरित्रे लिहिली गेली, कारखान्यांचे अहवाल जपले गेले. पण परदेशी बनावटीचे यंत्र इथल्या पाण्यावर चालते ठेवणाऱ्यांची विद्या कागदावर आलेली नाही. ती जाणणारे आता साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत आणि त्यांची मुले दुसऱ्या धंद्यात गेली आहेत. या पट्ट्याचा औद्योगिक इतिहास लिहायला बसणाऱ्याने दप्तरखान्यात जाण्याआधी गॅरेज गाठावे. दप्तर थांबेल.