एकच कॅमेरा, देशोदेशी वेगळी किंमत

जपानी कंपनीचा एकच कॅमेरा टोकियो, न्यूयॉर्क, बर्लिन आणि मुंबई येथे वेगवेगळ्या किमतीला विकला जातो. परदेशातून येणाऱ्या आप्तांकडून कॅमेरा मागविण्यामागे हेच कारण असते. मात्र फलकावर दिसणारा फरक हा नेहमीच प्रत्यक्ष बचत ठरत नाही.

कर : भारतात वेष्टनावरील कमाल किरकोळ किमतीत सर्व कर समाविष्ट असतात. डिजिटल कॅमेऱ्यांवरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. जर्मनीत मूल्यवर्धित कर १९ टक्के, तर जपानमध्ये उपभोग कर १० टक्के आहे. अमेरिकेतील दुकानांत किंमत विक्रीकर वगळून लिहिली जाते. कॅलिफोर्नियात हा कर किमान सव्वासात टक्के आहे. ऑरेगनमध्ये तो मुळीच नाही. करापूर्वीची किंमत सर्वत्र १,००० डॉलर मानली, तरी ती जर्मनीत १,१९०, भारतात १,१८० आणि जपानमध्ये १,१०० डॉलर होते. अमेरिकेत मात्र फलकावर १,००० डॉलरच दिसतात.

आयात शुल्क : युरोपीय संघात एके काळी सलग ३० मिनिटे वा अधिक चित्रीकरण करणारा कॅमेरा व्हिडिओ कॅमेरा समजून त्यावर शुल्क आकारले जाई. ते टाळण्यासाठी अनेक कॅमेऱ्यांतील चित्रीकरण २९ मिनिटे ५९ सेकंदांवर थांबविले जात असे. अमेरिकेने २०२५ मध्ये जपानसह अनेक देशांच्या मालावर अतिरिक्त शुल्क लादले. त्यानंतर निकॉनने त्याच वर्षी २३ जूनपासून तेथील किमती वाढविल्या.

विनिमय दर : एप्रिल २०२४ मध्ये एका डॉलरचा दर १६० येनपर्यंत गेला. येनची ही १९९० नंतरची नीचांकी पातळी होती. कंपन्या स्थानिक किमती चलनाबरोबर रोज बदलत नाहीत. त्यामुळे येन घसरताच जपानमधील कॅमेरा परदेशी ग्राहकाला स्वस्त पडतो.

विक्रीचे धोरण : प्रत्येक देशातील स्पर्धा, मागणी, वितरकांचा नफा आणि सेवाकेंद्रांचा खर्च लक्षात घेऊन कंपन्या किंमत ठरवितात. प्रसंगी नावही बदलते. कॅननचा २००३ मधील एकच कॅमेरा जपानमध्ये 'किस डिजिटल', अमेरिकेत 'डिजिटल रिबेल' आणि युरोपात '३००डी' या नावांनी विकला गेला.

परदेशातून कॅमेरा आणताना शुल्कमाफीची मर्यादा ओलांडल्यास विमानतळावर सीमाशुल्क भरावे लागते. अनेक कंपन्यांची हमी खरेदीच्या देशापुरतीच असते आणि जपानी बाजारासाठीच्या काही कॅमेऱ्यांतील सूचना केवळ जपानी भाषेत असतात. म्हणून कर, शुल्क आणि हमी विचारात घेऊनच दोन देशांतील किमतींची तुलना करणे ग्राहकाच्या हिताचे ठरते.