आकाशातील धमाक्याचे मोजमाप

आकाश निरभ्र असावे, ढग नाही, वीज नाही, आणि अचानक तोफेसारखा आवाज होऊन खिडक्यांची तावदाने हादरावीत, तर माणसाच्या मनात प्रथम भूकंपाची शंका येते. अकोल्याहून मुंबईस जाणारी आपली रेल्वे ज्या नाशिकवरून जाते, त्या जिल्ह्यातील लोकांना हा अनुभव नवा नाही. तेथील ओझर येथे १९६४ साली मिग विमानांच्या कारखान्याची स्थापना झाली. पुढे तेथेच सुखोई-३० विमानांची जुळणी झाली. चाचणीसाठी विमान ध्वनीपेक्षा अधिक वेगाने उडविले की हा धमाका होतो.

यामागील शास्त्र समजण्यास सोपे आहे. ध्वनी हवेतून ताशी सुमारे १,२०० किलोमीटर वेगाने जातो. विमान त्याहून वेगाने निघाले की दाबाच्या लाटा एकत्र येऊन त्यांचा एक मोठा धक्का बनतो. होडीमागील लाटेप्रमाणे तो विमानाच्या मागोमाग जमिनीवरून सरकत जातो. म्हणून तो एकाच गावी नव्हे, तर वाटेतील अनेक गावी ऐकू येतो.

हा धक्का माणसांना किती सोसेल, याची मोठी चाचणी त्याच १९६४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे झाली. ३ फेब्रुवारी ते ३० जुलै या काळात शहरावर १,२५३ धमाके करण्यात आले. आखलेला दाब दर चौरस फुटास फार तर २ पौंड, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे हजाराव्या भागाइतका होता. आकडा लहान, पण नुकसानीच्या हजारो तक्रारी आल्या. अभ्यासकांनी नागरिकांच्या मुलाखतीही घेतल्या. अखेरीस सुमारे एकचतुर्थांश लोकांनी, हे आम्हांस कायमचे सोसणार नाही, असे सांगितले. १९७३ साली अमेरिकेने नागरी विमानांना जमिनीवरून अशा वेगाने उडण्यास बंदी केली. दाब यंत्राने मोजला. त्रास मात्र लोकांना विचारूनच कळला.

आपल्या देशात २० मे २०२० रोजी बंगळूर शहर अशाच आवाजाने दचकले. भूकंपमापकांवर भूकंपाची नोंद नव्हती. काही तासांनी संरक्षण खात्याने खुलासा केला की, तो वायुदलाच्या चाचणी विमानाचा आवाज होता. विमान शहराबाहेर ३६,००० ते ४०,००० फूट उंचीवर होते आणि असा आवाज ६५ ते ८० किलोमीटर दूरही ऐकू येऊ शकतो. पण मधल्या त्या काही तासांत तर्ककुतर्कांना ऊत आला होता.

अफवा किती वेगाने धावते आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागते, हे आपल्या जुन्या शहरास सांगावयास नको. आलेल्या बातमीची शहानिशा करावी, ही शिकवण पवित्र कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये आहे. विद्यार्थी मित्रांनो, असा आवाज कानी आला तर प्रथम घड्याळ पाहा, वेळ व दिशा लिहून ठेवा, शेजारच्या गावी तो केव्हा ऐकू आला याची चौकशी करा. आणि पालकहो, "हे कशाने झाले?" असे मूल विचारील तेव्हा त्यास गप्प बसवू नका. इल्मची सुरुवात त्याच प्रश्नापासून होते.