ओतीव ते घडीव : सातारा-सांगली परिसरातील इंजिननिर्मिती आणि पिस्टनची निवड

दक्षिण महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाचा इतिहास प्रायः लोखंडी नांगरापासून सुरू होतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये सातारा रोड येथे कारखाना काढला. पुढे कूपर यांच्या कारखान्यात नांगरांबरोबर डिझेल इंजिनेही तयार झाली.

शेतपंपाच्या मंदगती इंजिनास ओतीव पिस्टन पुरतो. वेग व दाब फार वाढल्यास मात्र घडीव ॲल्युमिनियम पिस्टन आवश्यक ठरतो. तथापि सर्व घडीव पिस्टन सारखे नसतात. सुमारे १२ टक्के सिलिकॉन असलेला ४०३२ मिश्रधातू कमी प्रसरण पावतो. अत्यल्प सिलिकॉनचा २६१८ अधिक चिवट, परंतु तापल्यावर अधिक फुगणारा असतो. म्हणून २६१८ च्या पिस्टनभोवती सिलिंडरमध्ये अधिक मोकळीक ठेवावी लागते. ती कमी पडल्यास पिस्टन जखडतो. वाजवीपेक्षा जास्त झाल्यास खडखडतो व झिजतो.

आपला औद्योगिक इतिहास संस्थापकांची नावे व स्थापनेची वर्षे नोंदवितो. मायक्रोमीटरने ही मोकळीक मोजणारा फिटर त्यात क्वचितच आढळतो. इंजिनाचे आयुष्य मात्र त्याच्याच मापावर अवलंबून असते. मेढ्यासारख्या गावांतील निवृत्त कारागिरांच्या आठवणी वेळीच नोंदविणे, हे महाविद्यालयीन इतिहास विभागांचे कर्तव्य ठरते.