खशोगी हत्या प्रकरण

सौदी अरेबियाचे पत्रकार जमाल खशोगी (१९५८–२०१८) यांची इस्तंबूलमधील सौदी वाणिज्य दूतावासात झालेली हत्या आणि त्यातून अमेरिकेपुढे उभा राहिलेला राजनैतिक पेच. मदीनेत जन्मलेले खशोगी दोनदा ‘अल वतन’ या दैनिकाचे संपादक होते. राजघराण्याच्या वर्तुळात त्यांची ऊठबस असे. त्यामुळेच त्यांची टीका अधिक झोंबली. २०१७ मध्ये अमेरिकेत गेल्यावर ते ‘वॉशिंग्टन पोस्ट’मधून युवराज मोहम्मद बिन सलमान यांची दडपशाही आणि येमेनमधील युद्ध यांवर लिहू लागले.

२ ऑक्टोबर २०१८ रोजी विवाहासाठी लागणारी कागदपत्रे आणण्यास ते दूतावासात गेले. नियोजित वधू बाहेर थांबली होती. ते परतलेच नाहीत. ते निघून गेले, असे रियाधने आधी सांगितले. मग झटापटीत मृत्यू आल्याचे. अखेर हत्या पूर्वनियोजित असल्याचे मान्य केले. तुर्कस्तानच्या हाती दूतावासातील ध्वनिमुद्रणे होती, म्हणूनच हे खोटे टिकले नाही. जून २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक आन्येस कालामार यांनी या हत्येला सौदी राज्यसंस्था जबाबदार असल्याचा निष्कर्ष काढला.

सत्य बाहेर आले, पण त्यानुसार वागण्याची राजकीय तयारी नव्हती. जर्मनीने शस्त्रनिर्यात थांबवली. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी मात्र ११० अब्ज डॉलरांच्या शस्त्रखरेदीचा दाखला देत सौदीची साथ सोडण्यास नकार दिला. सिनेटने युवराजांना जबाबदार धरणारा ठराव एकमताने केला, तरी धोरण बदलले नाही. सौदीला वाळीत टाकण्याची भाषा बायडेन यांनी निवडणूक प्रचारात केली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्या सरकारने गुप्तचर अहवाल खुला केला. खशोगींना पकडण्याच्या किंवा ठार करण्याच्या मोहिमेस युवराजांनी मंजुरी दिली, असे त्यात म्हटले होते. व्हिसाबंदी ७६ सौदी नागरिकांवर आली, युवराजांवर निर्बंध आले नाहीत. युक्रेन युद्धाने तेल महागले आणि जुलै २०२२ मध्ये बायडेन जेद्दाला गेले. त्याच वर्षी युवराज पंतप्रधान झाले व त्या पदामुळे या हत्येबद्दल अमेरिकेत त्यांच्यावर दाखल झालेल्या दिवाणी दाव्यातून सुटले. तुर्कस्ताननेही आपल्याकडील खटला सौदीकडे सोपवला. हा निर्णय सर्वांत लाजिरवाणा म्हणावा लागेल.

सौदी न्यायालयाने पाच जणांना दिलेली मृत्युदंडाची शिक्षा २०२० मध्ये वीस वर्षांच्या कैदेत बदलली. नोव्हेंबर २०२५ मध्ये युवराजांचे व्हाइट हाउसमध्ये सन्मानाने स्वागत झाले आणि सौदीला ‘नाटो’बाहेरील प्रमुख मित्रराष्ट्राचा दर्जा देण्यात आला.