खुकरीचं पाणी

खुकरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुरखा उभा राहतो. लष्करातला, नाही तर सोसायटीच्या फाटकावरचा. आणि त्याच्या पाठोपाठ ती गोष्टही येतेच, की खुकरी एकदा म्यानाबाहेर काढली की रक्त चाखल्याशिवाय परत आत जात नाही. नेपाळच्या एखाद्या डोंगरी गावात ही गोष्ट सांगून पाहा, लोक हसतील. तिथला शेतकरी दिवसातून वीस वेळा खुकरी काढतो. गुरांसाठी झाडाचा पाला उतरवायचा, सरपण तोडायचं, बांबू चिरायचा, रानवाट मोकळी करायची. रक्ताचा नियम पाळायचा म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत बिचाऱ्याच्या दहाही बोटांना चिंध्या बांधायची वेळ येईल!

खुकरी आधी घरातलं अवजार आहे आणि मग हत्यार. हे काही मी माझ्या पदरचं सांगत नाही. कॅप्टन विल्यम कर्कपॅट्रिक हा इंग्रज अधिकारी 1793 मध्ये नेपाळात गेला होता. त्याचा वृत्तान्त 1811 मध्ये लंडनला छापला गेला. प्रत्येक नेपाळी माणूस खुकरी जवळ बाळगतो आणि तिचा मुख्य उपयोग लहान झाडं, झुडपं आणि फांद्या तोडायला करतो, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. इंग्रज आणि गोरखे यांचं युद्ध व्हायला तेव्हा अजून वीसेक वर्षं होती. ते पेटलं 1814 मध्ये. डेहराडूनजवळच्या नालापानीच्या गढीत बलभद्र कुंवर मूठभर माणसं घेऊन जवळजवळ महिनाभर लढला. इंग्रजांचा सेनापती गिलेस्पी तिथंच पडला. त्या लढाईनंतर इंग्रजांनी गिलेस्पीच्या स्मारकाशेजारी आपल्या शूर शत्रूचंही स्मारक उभारलं आणि 1815 पासून गोरख्यांची पलटणीत भरती सुरू केली. शेतावरची खुकरी अशी पलटणीत गेली, आणि पुढे तिच्याभोवती ज्या कहाण्या जमल्या त्यांत तिचं शेत हरवून गेलं.

खरं तर तिचा आकारच सांगतो की ती कशासाठी आहे. पातं मध्ये पुढच्या बाजूला वाकलेलं, धार आतल्या बाजूला आणि वजन टोकाकडे. त्यामुळे घाव घालताना मनगटाला फार जोर लावावा लागत नाही, पातं आपल्या वजनानंच उतरतं. आपला कोयता ज्यानं हातात धरला आहे त्याला हे सांगायला नको. घरात बसून भाजी चिरायला नेपाळी बाईकडे वेगळं साधन असतं, त्याला चुलेसी म्हणतात. लाकडी पाटावर बसवलेलं पातं, पाट पायाखाली दाबून धरायचा. म्हणजे आपली विळीच, फक्त नाव वेगळं. मुठीजवळच्या खाचेबद्दल मात्र दुकानदार हवं ते सांगतात. कोणी म्हणतं शंकराचा त्रिशूळ, कोणी म्हणतं गाईचं खूर. मला पटतो तो साधा खुलासा, की चीक किंवा रक्त ओघळून मुठीपर्यंत येऊ नये म्हणून ती खाच आहे.

खुकरी वापरायची तर पहिला धडा म्यानाचा. म्यान पाठीच्या बाजूनं धरायचं, बोटं धारेकडे वळवायची नाहीत. म्यान जुनं झालं की शिवण सैल पडते, आणि उपसताना पातं कातड्यातून थेट बोटात उतरतं. काम झालं की पातं पुसून, पुरतं कोरडं करूनच आत घालायचं, कारण कातडं ओल धरतं आणि गंज आतून चढतो. महिनाभर वापर नसेल तर मोहरीच्या तेलाचा हात फिरवायचा. म्यानात दोन छोटी पाती आणखी असतात. कर्दा हा बारीकसारीक कामाचा चाकू. दुसरा चकमक, तो मुद्दाम बोथट ठेवलेला असतो. त्यानं धार चोळून सरळ करायची, आणि पूर्वी गारगोटीवर घासून ठिणगीही पाडायची. धार अगदीच गेली तर ओला दगड घ्यायचा आणि पात्याच्या वळणावरून थोडा थोडा फिरवत न्यायचा. पण विजेच्या चाकावर खुकरी कधी धरू नये. धार तापून निळी पडते आणि तिचं पाणी उतरतं. मग दर चार घावांनी धार लावत बसावं लागतं.

हे पाणी म्हणजे काय, ते पाहण्यासारखं आहे. आज बहुतेक खुकऱ्या ट्रकच्या जुन्या पाट्यांच्या पोलादातून घडतात. ठोकून आकार दिला की पातं निखाऱ्यांत लाल करतात, आणि लोहार किटलीतून पाण्याची बारीक धार फक्त पात्याच्या धारेवर सोडत जातो. धार झटकन थंड होऊन कडक होते. पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. म्हणून खुकरीची धार टिकते आणि गाठीच्या लाकडावर घाव बसला तरी पातं मोडत नाही. किती लाल झालं की पाणी सोडायचं, कुठं थांबायचं, याचं मोजमाप नाही. सगळा हिशेब नजरेत. मग शिसवी किंवा म्हशीच्या शिंगाची मूठ लाखेनं बसवली की खुकरी तयार.

हे पाणी देणारा माणूस जातीनं कामी, म्हणजे लोहार. म्यान शिवणारा सार्की. आणि नेपाळचा 1854 चा मुलुकी ऐन, म्हणजे जंगबहादुर राणाच्या अमदानीतला कायदा, या दोघांनाही ‘पाणी न चालणाऱ्या’ जातींत बसवतो. नुसतं हातचं पाणी चालत नाही एवढंच नव्हे, स्पर्श झाला तर पाणी शिंपडून शुद्ध व्हायचं, असा दंडक. आपल्याकडे लोहार बलुतेदार होता, त्याचा विटाळ मानत नसत. नेपाळी कामीलाही बलुत्यासारखंच ‘बालीघरे’ मिळे. वर्षभर गावाची अवजारं दुरुस्त करायची आणि सुगीला घराघरातून धान्य घ्यायचं. मात्र धान्य घ्यायचं ते उंबऱ्याबाहेर उभं राहून. दसऱ्याच्या नवमीला, आपल्या खंडेनवमीलाच, घरोघर खुकरीची पूजा होई. तिला घडवणारा त्याच घरात पाऊल टाकू शकत नव्हता. त्याच्या हातच्या पाण्यावर सगळ्या गावाची धार चालत होती, हे त्या कायद्यात कुठं आलेलं नाही.

1963 च्या नव्या ऐनानं जातीवरचा हा भेद कायद्यातून काढला. अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा 2011 मध्ये आला. त्याच वर्षीच्या जनगणनेत कामींची संख्या साडेबारा लाखांच्या वर भरली. पुष्कळजण आता विश्वकर्मा आडनाव लावतात, थोडक्यात वि.क. मे 2020 मध्ये पश्चिम रुकुम जिल्ह्यात असाच एक वि.क. आडनावाचा तरुण मित्रांना घेऊन आपल्या प्रेयसीच्या गावी गेला. मुलगी वरच्या म्हटल्या जाणाऱ्या जातीची. गावकऱ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला, आणि त्याच्यासह सहा तरुण मेले. त्यांचे मृतदेह भेरी नदीत मिळाले.

नेपाळच्या राजचिन्हावर 2006 पर्यंत दोन खुकऱ्या होत्या, भारतातल्या गोरखा रेजिमेंटांच्या चिन्हांवर आजही आहेत. काठमांडूच्या ठमेल बाजारात दुकानदार खुकरी दाखवताना पलटणीचीच गोष्ट सांगतो, कारण गिऱ्हाइकाला तीच हवी असते. मी ती ऐकून घेतो आणि मग विचारतो, ‘ही कुठल्या आरनातली?’ आरन म्हणजे लोहाराची भट्टी. दुकानदार जरा थबकतो आणि मग भोजपूर म्हणतो, नाही तर धरान. कारागिराचं नाव विचारलं की मात्र आत कोणाला तरी हाक मारावी लागते.